सुमे, मंडळ बंद करायच्या आधी एवढं वाच

प्रिय सुमे,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज मी गाडीत ऐकला, मग घरी येऊन परत ऐकला. "दर गुरुवारी पाच जणी येतात, त्यातल्या दोघींचं लक्ष घड्याळाकडं, बंद करून टाकते गं भजनी मंडळ आता" असं तू म्हणालीस, मागं कुकरची शिट्टी झाली आणि मेसेज संपला. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर मला हे नीट सांगता येणार नाही, मध्ये कुणीतरी येतं नाहीतर रेंज जाते, म्हणून टाइप करतेय. लांबणार आहे, दुपारी सगळं आवरलं की चहा घेऊन बस.

ऑक्टोबरात आम्ही व्हर्मॉंटमधल्या स्टोव गावी जाऊन आलो. बॉस्टनपासनं गाडीनं साडेतीन-चार तास. लोक पानांचे रंग बघायला जातात, घरच्यांना मीही तेच सांगितलं होतं, पण मला तिथं ट्रॅप कुटुंबाच्या कबरी बघायच्या होत्या. आठवतंय का, नववीत बाईंनी व्हीसीआर भाड्यानं आणून त्यांच्यावरचा 'साउंड ऑफ म्युझिक' सिनेमा दाखवला होता, अर्ध्यात लाइट गेले आणि उरलेला आपण पुढच्या शनिवारी बघितला? शेवटी ते सगळे डोंगर चढून ऑस्ट्रियातनं निसटतात आणि सगळ्या पोरी डोळे पुसत होत्या, तेव्हा तू मला विचारलं होतंस, पुढं काय झालं मग, खाल्लं काय त्यांनी? बाईंनाही माहीत नव्हतं. मला आता माहीत झालंय सुमे. पुढं जवळजवळ अठरा वर्षं ती माणसं गाऊन जगली, आणि सिनेमात जे दाखवलंय त्याच्यापेक्षा ही अठरा वर्षं मला जास्त मोठी वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे डोंगर कुणी चढलं नाही. त्यांच्या साल्झबर्ग गावाहून डोंगर ओलांडला तर माणूस थेट जर्मनीत उतरतो, हिटलरच्या बेर्ख्टेसगाडेनच्या घराजवळ. ते लोक १९३८ च्या उन्हाळ्यात सरळ रेल्वेत बसून इटलीला गेले. वडील गेऑर्ग फॉन ट्रॅप यांचा जन्म झारा गावचा, ते गाव पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडं गेलं म्हणून त्यांच्याकडं इटलीचं नागरिकत्व होतं, त्या कागदाच्या जोरावर अख्खं घर बाहेर पडलं. कागद! मला हे वाचल्यावर एकदम आपलीच माणसं वाटायला लागली ती.

गेऑर्ग हे पाणबुडीचे कॅप्टन, पहिल्या महायुद्धात गाजलेले, पण युद्ध संपलं आणि ऑस्ट्रियाला समुद्रच उरला नाही. पहिली बायको १९२२ मध्ये स्कार्लेट फीवरनं गेली, मागं सात मुलं. मारिया नॉनबर्गच्या मठात नन व्हायला गेलेली मुलगी, आजारातून उठलेल्या एका मुलीला घरी शिकवायला म्हणून १९२६ ला आली, १९२७ ला दोघांचं लग्न झालं. सिनेमात वडील कडक, घरात गाणं बंद, असं दाखवलंय ते मुलांना फार लागलं होतं, कारण खरे वडील प्रेमळ होते, स्वतः व्हायोलिन वाजवायचे, आणि मारिया यायच्या आधीपासून त्या घरात गाणं होतंच. मारिया मात्र तापट होती. घरात तिचाच शब्द चालायचा.

पण घरातलं गाणं आणि तिकीट लावून गायचं गाणं यात किती अंतर असतं हे तुला मी काय सांगायचं. ते अंतर त्यांना पैशानं कापायला लावलं. गेऑर्गची सगळी पुंजी ऑस्ट्रियातल्या एका बँकेत होती आणि १९३५ मध्ये ती बँक बुडाली. नोकरचाकर कमी केले, घरातल्या खोल्या भाड्यानं दिल्या. आणि त्याच वर्षी फादर फ्रान्झ वासनर नावाचे एक तरुण पाद्री त्यांच्या घरी प्रार्थना चालवायला आले.

सुमे, ह्या वासनरांसाठी मी हे एवढं लिहायला बसलेय. सिनेमात ते औषधालाही नाहीत. त्यांच्या जागी मॅक्समामा नावाचं एक मजेशीर पात्र घातलंय, खऱ्या आयुष्यात असा कुणी मामा नव्हता. खरं घडलं ते असं की वासनरांनी सकाळी घरच्या चॅपेलमध्ये ह्या पोरांचं गाणं ऐकलं, आणि नंतर नाश्त्याच्या टेबलावर गाणं चांगलं झालं म्हणाले आणि लगेच कुठं चुकलं तेही सांगितलं, आणि खाणं बाजूला ठेवून तिथंच परत म्हणून घेतलं. मला ते टेबल डोळ्यासमोर दिसतं. कापलेला पाव तसाच, कॉफी गार होतेय, आणि हा माणूस एका आवाजाला थांबवून दुसऱ्याला म्हणतोय, आता तू एकटी म्हण. आपल्या बाई नाही का, डबा खाताना मागनं येऊन "कोमल ऋषभ गेला तुमचा" म्हणायच्या, तस्संच. त्या दिवसापासून पुढं वीसेक वर्षं वासनर त्यांच्याबरोबर राहिले, परदेशात, बसमधनं, शेतावर, सगळीकडं. कुठलं गाणं घ्यायचं, कोणता आवाज कुणाकडं, सगळं त्यांनी बसवलं.

आणि ते गाणं म्हणजे सिनेमातलं गाणं नव्हे बरं का. सिनेमातलं एडलवाइसचं गाणं अमेरिकेत नाटकासाठी लिहिलेलं, ऑस्ट्रियात आधी कुणाला ठाऊकही नव्हतं. हे लोक गायचे ते चारशे वर्षांपूर्वीच्या चर्चच्या रचना, बाख ह्या जुन्या जर्मन संगीतकाराची गाणी, आणि मग त्यांच्या गावाकडची लोकगीतं आणि योडेल, म्हणजे ते आवाज झटकन वरखाली उडवत गायचं डोंगराकडचं गाणं. साथ नाही, नुसते गळे. आपल्याकडं समूहगान म्हणजे सगळे एकाच सुरात, पण तिथं प्रत्येकाची ओळ वेगळी, थोरला मुलगा रुपर्ट खाली खर्जात, धाकटा भाऊ वर्नर त्याच्या वर, बहिणी तीन थरांवर, आणि पाच ओळी एकमेकींत गुंतत जातात, एकीनं जरा ढकललं की सगळं कोसळतं. मधे मधे रेकॉर्डर वाजवायचे, ती तोंडाशी उभी धरायची लाकडी बासरी असते ना, ती. १९३६ मध्ये लोट्टे लेहमान ह्या त्या काळच्या मोठ्या गायिकेनं त्यांना ऐकलं आणि स्पर्धेत उतरा म्हणून मागं लागली. गेऑर्गना ते पटेना, आपल्या खानदानाची मुलं स्टेजवर? पण गेले, आणि पहिले आले. मग रेडिओ, मग युरोपभर कार्यक्रम.

मार्च १९३८ ला हिटलर ऑस्ट्रियात आला. गेऑर्गना जर्मन नौदलात अधिकारपद देऊ केलं, रुपर्ट नुकताच डॉक्टर झालेला त्याला व्हिएन्नात मोठी नोकरी देऊ केली, आणि कुटुंबाला हिटलरच्या वाढदिवसाला गायला बोलावलं. बुडालेली बँक, घरात भाडेकरू, आणि तिन्हीला नाही म्हणाले. नाही म्हटल्यावर तिथं राहता येणार नव्हतंच. त्यांच्या मागं त्या घरात हिटलरचा पोलीसप्रमुख हिमलर राहायला आला, त्यावरनं काय ते समज.

अमेरिकेत पोचले ऑक्टोबर १९३८ ला. खिशात चार डॉलर होते असं मारियानं लिहून ठेवलंय. तिला तिसरं, म्हणजे घरातलं दहावं मूल होणार होतं, त्यामुळं कार्यक्रम करून देणाऱ्या माणसानं काही तारखा रद्द केल्या. जानेवारीत फिलाडेल्फियाला योहानेस झाला आणि दोन महिन्यांत व्हिसा संपला. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा! उठले, तान्हं पोर घेतलं, परत युरोपात, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे असे गात फिरले कारण घर म्हणावं असं कुठं काही उरलंच नव्हतं. आणि मधल्या काळात युद्ध पेटलं.

आता ७ ऑक्टोबर १९३९ चा दिवस ऐक. बोट ब्रुकलिनला लागली. रुपर्टकडं कायम राहायचे कागद होते, बाकी सगळे परत सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. अधिकाऱ्यानं मारियाला विचारलं, किती दिवस राहणार? एवढंच उत्तर द्यायचं होतं, सहा महिने. पण ती बाई इतकी हरखून गेली होती की म्हणाली, मला इतकं बरं वाटतंय इथं येऊन, आता कधीच परत जायला नको! संपलं. सगळ्या कुटुंबाला एलिस आयलंडवर, बाहेरून येणाऱ्यांना तपासायच्या बेटावर, नेऊन बसवलं, काही दिवस तिथंच कोंडून ठेवलं, चौकशी झाली, मग सोडलं.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खिडकीत जाऊन उभी राहिले. तुला मी कधी सांगितलं नाही, माझ्या पहिल्या वर्षी विमान उतरायच्या आधी मी ते उत्तर मनात घोकत होते, किती दिवस, कशासाठी, कुठं उतरणार, आणि आपल्या तोंडून एक शब्द जरी मनातला गेला तर काय होईल ह्या भीतीनं माझे हात गार पडले होते. आणि आईच्या ऑपरेशनला मी आले नाही ना, तुम्ही सगळ्यांनी समजून घेतलंत, पण तेव्हा माझे कागद अडकले होते, गेले असते तर परत येता आलं नसतं. ऑपरेशनच्या रात्री मी फोन हातात घेऊन जमिनीवर बसून होते आणि तू तिथं हॉस्पिटलात बाकावर. मनातलं बोलून टाकणारी ती मारिया मला त्या रात्रीपासनं ओळखीची आहे असं वाटलं.

असो. त्यांच्या गाण्याचं पुढं काय झालं ते सांगते.

पहिल्या एजंटानं सोडून दिलं, तुमचं गाणं फार गंभीर, इथं कोण ऐकणार म्हणाला. फ्रेडरिक शँग म्हणून दुसरा मोठा एजंट होता, तोही आधी नकोच म्हणत होता. तास-तास चर्चचं गाणं, केस मागं घट्ट बांधलेले, पायात जाड बूट, चेहऱ्यावर हसू नाही, असं कसं चालेल? शेवटी त्यानं घेतलं, पण अटी घातल्या, लोकगीतं वाढवा, लोकांशी बोला, आणि नावातला 'क्वायर' काढा, चर्चचा वास येतो त्याला. तेव्हापासून ते झाले ट्रॅप फॅमिली सिंगर्स. मला आधी ह्या शँगचा राग आला होता. नंतर वाटलं, त्यानं बाखला हात लावला नाही, फक्त दार जरा रुंद केलं. आणि लोकांशी बोलणं त्यांना जमलं ते एका माशीमुळं. कार्यक्रमात गाता गाता मारियाच्या घशात माशी गेली, तिचा आवाज बसला, गाणं थांबलं, आणि तिनं पुढं येऊन प्रेक्षकांना सरळ सांगितलं, माफ करा, मी माशी गिळली. सभागृह हसून लोटपोट. त्या दिवसापासून स्टेज आणि खुर्च्या यांच्यामधली भिंत गेली.

ते दिवस कसे काढले असतील बघ. फिलाडेल्फियाजवळ मेरियनला हेन्री ड्रिंकर नावाचे एक वकील राहायचे, बाखचे वेडे, बाखच्या गाण्यांचे शब्द इंग्रजीत आणण्याचं काम करायचे. त्यांनी आपल्या घरासमोरचं एक घर ह्यांना राहायला दिलं, भाडं काय, तर आमच्यात येऊन गा. सुरांवर भाडं चुकतं केलं गं त्यांनी! आणि मग वर्षाला शंभराच्या वर कार्यक्रम, अख्खं कुटुंब एका बसमध्ये, आज ह्या गावचं हायस्कूल, उद्या त्या गावचं चर्च, बसमध्येच धाकट्यांचा अभ्यास, बसमध्येच वासनरांची प्रॅक्टिस. १९४३ ला रुपर्ट आणि वर्नर अमेरिकन सैन्यात गेले, डोंगरी लढाईच्या तुकडीत, इटलीच्या आघाडीवर. कालपर्यंत ज्या देशाचा व्हिसा नव्हता त्याच्यासाठी लढायला. आणि इकडं खालचे दोन्ही आवाज गेले! तुझ्याकडं पाच जणी आहेत म्हणून तू रडतेस, वासनरांकडं एका रात्रीत खर्ज नाही आणि मधला पुरुषी सूर नाही. त्यांनी काय केलं, सगळी गाणी बायकांच्या आवाजांसाठी नव्यानं बांधली. आहेत त्या गळ्यांना बघून. तारखा रद्द केल्या नाहीत.

स्टोवचं शेत त्यांनी १९४२ मध्ये घेतलं. डोंगर आल्प्ससारखे दिसतात म्हणून ती जागा आवडली म्हणे, आणि खरंच, मी तिथं उभी होते तेव्हा मला कळलं, माणूस कुठंही गेला तरी आपल्या गावासारखी एक टेकडी शोधतोच, मी इथं पहिल्यांदा दंडोबाच्या डोंगरासारखा एक उंचवटा बघितला तेव्हा माझं तसंच झालं होतं. घर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं. आणि १९४४ पासून उन्हाळ्यात गाण्याची शिबिरं सुरू केली. जवळच सरकारी कामगारांची जुनी छावणी रिकामी पडलेली, त्या बराकींमध्ये. कुणीही यायचं, शिक्षक, नर्स, आजोबा, ज्यांना सूर लागतो ते आणि लागत नाही तेही, दहाएक दिवस राहायचं, सकाळपासून वासनरांबरोबर गायचं, रेकॉर्डर शिकायचं, संध्याकाळी गवतावर नाचायचं. मला विचारशील तर ह्या सगळ्या कहाणीतलं हे सगळ्यात मोठं काम. तोपर्यंत ते कुटुंब दुसऱ्यांसाठी गात होतं, इथं पहिल्यांदा गाव त्यांच्याबरोबर गायला लागलं.

युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियात खायचे वांधे. जानेवारी १९४७ मध्ये ह्यांनी मदतनिधी काढला आणि प्रत्येक कार्यक्रमात शेवटी मारिया लोकांना सांगायची, तुमच्या घरातलं जुनं काय असेल ते आणा. कपडे, बूट, डबाबंद अन्न, आणि ते सगळं बसमध्ये भरायचं, परत खोकी बांधायची आणि पाठवायची. ज्या गावानं त्यांना जायला लावलं त्याच साल्झबर्गला. त्याच वर्षी मे महिन्यात गेऑर्ग गेले. त्यांनी शेवटपर्यंत अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला नाही. मारियाला १९४८ ला मिळालं. आणि १९५० मध्ये ते सगळे साल्झबर्गला जाऊन गायले.

मग हळूहळू मुलं निसटायला लागली, आणि ते बरोबरच होतं. रुपर्टला त्याची डॉक्टरकी करायची होती, मुलींची लग्नं झाली, १९५१ ला त्यातलीच मार्टिना पहिल्या बाळंतपणात गेली. बाहेरचे गायक पगारावर घेऊन मोकळ्या जागा भरायला लागले. तिशी उलटलेली माणसं अजून आईच्या हुकमात बसमध्ये, त्यांना किती कोंडल्यासारखं झालं असेल तेही मला कळतं, म्हणून मी तुला असं कधीच म्हणणार नाही की काहीही झालं तरी चालूच ठेव. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियापर्यंतचे दौरे झाले आणि १९५६ च्या सुरुवातीला शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी थांबवलं. नीट, सगळ्यांना सांगून. मारिया तीन मुलांना घेऊन न्यू गिनीला मिशनचं काम करायला गेली, त्यातली एक मुलगी, तिचंही नाव मारियाच, तिथं जवळजवळ तीस वर्षं राहिली. वासनरही मिशनच्या कामाला लागले, फिजीला होते, शेवटी साल्झबर्गला परतले, १९९२ ला वारले. आणि आपल्या गोष्टीचे सिनेमाचे हक्क मारियानं एका जर्मन कंपनीला ९,००० डॉलरला विकले होते, म्हणजे पुढं जगभर जे गाजलं त्यातलं ह्यांच्या हाताला फारसं काही लागलं नाही.

स्टोवला त्यांच्या शेतावरच्या लॉजच्या, म्हणजे हॉटेलच्या, आवारातच त्यांच्या कबरी आहेत. छोटीशी जागा, फुलं लावलेली. मी वासनरांचं नाव शोधत होते, आणि मग माझं मलाच आठवलं की ते इथं नाहीत, ते त्यांच्या गावी आहेत. तिथल्या बाकावर मी बराच वेळ बसले. आणि तुझी आठवण आली, खरंच, तुझा मेसेज यायच्या आधीच.

कारण मिरजेत तू वासनर आहेस सुमे. गेली अकरा वर्षं दत्ताच्या देवळात दर गुरुवारी चटया तू घालतेस, वह्या तू लिहितेस, कुणाचा गळा कुठं पोचतो हे तुला तोंडपाठ. पोस्टरवर तुझं नाव कधी आलं नाही. म्हणून मला तुला एवढंच विचारायचंय, मंडळ संपलंय की फक्त तू बसवलेली गाणी पंधरा जणींसाठीची आहेत आणि आता पाच आहेत? ती दुसरी गोष्ट असेल तर गाणी बदल. मोठे गजर, टाळ्यांचे अभंग बाजूला ठेव, पाच गळ्यांना शोभतील अशी निवड, एक-दोन ओव्या घे, आजींच्या जात्यावरच्या तुला येतात त्या, एकीनं म्हणायची आणि बाकीच्यांनी धरायची. घड्याळाकडं बघणाऱ्या दोघींना विचार तरी, की बाई वेळ साडेपाचची करू का. आणि एवढं करूनही तुझंच मन उठलं असेल, तर मला फोन कर, मी एका शब्दानं आग्रह करणार नाही, पण मग गुपचूप कुलूप लावू नकोस, शेवटचा गुरुवार सगळ्या जुन्याजणींना बोलावून कर.

मी १४ डिसेंबरला येतेय, तीन आठवडे. त्यात तीन गुरुवार येतात. पेटीचा भाता फाटलाय म्हणालीस ना, सतारमेकर गल्लीत टाकून ये आत्ताच, डिसेंबरात ते लोक फार गर्दीत असतात, पैसे मी पाठवते, त्यावर वाद घालू नकोस. इथल्या मंडळात मी आता खालचा सूर धरायला शिकलेय, मला एक ओळ राखून ठेव.

आईकडं जाशील तेव्हा तिच्या गुडघ्याचं तेल संपलंय का ते बघ.

तुझी,
नंदा

ता.क. वासनरांनी बसवलेल्या गाण्यांची जुनी रेकॉर्डिंग नेटवर मिळाली, रात्री पाठवते. मोठ्या स्पीकरवर लाव आणि फक्त सगळ्यात खालच्या आवाजाकडं लक्ष दे.